ओलं टोक

१

माझं काम बोटांचं. डोळे लागतातच, पण आधी बोटं.

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड, सत्तर यार्डाचा एक पीस, तेलकट, मेंढीच्या वासाचा. तो उतरत्या टेबलावर टाकायचा आणि हाताखालून ओढत न्यायचा. बोटाला गाठ लागली की चिमट्याने वर काढायची. धागा तुटून वाट मोकळी राहिली असेल तर त्याच कापडातला धागा सुईत घ्यायचा, एक खाली एक वर असा विणीतून न्यायचा आणि तुटलेली जागा भरून काढायची. भिंग लावून बघितलं तरी सापडता कामा नये. याला मेंडिंग म्हणतात. एकोणतीस वर्षं मी हे केलं. इंग्लंडात, हडर्सफील्डच्या वरच्या अंगाला, खोऱ्यातल्या एका मिलमध्ये. मिलचं नाव लिहीत नाही. आता ती राहिलीही नाही.

मी चौथी पास. इचलकरंजीची. बापाचे चार माग होते, त्यामुळे कापड मला नवीन नव्हतं, थंडी नवीन होती. मागे काउन्सिलची एक गोरी पोरगी टेपरेकॉर्डर घेऊन आली होती, आम्हा मिलवाल्या बायकांच्या आठवणी गोळा करायला. 'युअर जर्नी' सांगा म्हणाली. मी म्हटलं, विमानाने आले. ती हसली आणि ते लिहून घेतलं. यापेक्षा जास्त कुणी कधी विचारलं नाही.

आमच्या खोलीला उत्तरेकडे मोठ्या खिडक्या होत्या. मेंडरला ऊन चालत नाही, एकसारखा उजेड लागतो. त्या खिडक्यांखाली एके काळी चाळीस टेबलं होती. दोन हजार चार उजाडलं तेव्हा तीन बायका उरलो होतो. माझ्या डाव्या हाताचं टेबल रिकामं होतं.

जानेवारीतला मंगळवार. सकाळचे नऊ. विणाईखात्यातून पीस आला, वर टिकीट, टिकिटावर माझा नंबर, सतरा. दोरी मीच सोडली. म्हणजे मागावरून निघाल्यापासून त्याला कुणा मेंडरचा हात लागलेला नव्हता. अकराव्या यार्डाला बोटं थांबली. तिथे तुटलेला धागा होता. होता म्हणजे असायला हवा होता. तो भरलेला होता. इतका सुबक की दुसऱ्या कुणाला कळलाही नसता.

मी कापड उलटवलं. मागच्या बाजूला धाग्याचं टोक राहिलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. कात्रीने कापलेलं टोक बोटाला टोचतं. हे टोचलं नाही. चपटं होतं, दाताने तोडल्यासारखं.

आणि ओलं होतं.

२

दाताने धागा तोडायची ती सुनीती. माझी धाकटी जाऊ.

माझा कमलाकर आणि तिचा मोहन, दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा. एकच घर, मिलच्या गेटसमोर, रस्त्याच्या पलीकडे. वर ती दोघं, खाली आम्ही. त्या खोऱ्यात पंजाबी होते, गुजराती होते, पाकिस्तानातल्या मीरपूरचे होते. मराठी एवढं एकच दार. तिला मूल झालं नाही. माझी ईशिता तिच्याच हातचं खाऊन मोठी झाली. शाळेतून आली की आधी वर पळायची, 'काकू' करत, मग खाली आई.

कामाला आम्ही शेजारी शेजारी. कात्री गळ्यात दोरीला लटकलेली असायची, तरी ही दातच लावायची. आमची सुपरवायझर मिसेस बूथ ओरडायची. सुनीती मला म्हणायची, "अक्का, कात्री शोधायला लागते. दात कुठं हरवतात का?"

दोन हजार एकमध्ये तिचे डोळे जायला लागले. जुलैचं लख्ख ऊन, आणि खिडकीकडे बघून विचारते, "अक्का, धुकं पडलंय का गं?" मी काय ते समजले. चहा कपाच्या बाहेर ओतायला लागली तेव्हा तीही समजली. पाया पडली माझ्या. मोहनला सांगू नको, बूथला सांगू नको. मेंडरचे डोळे गेले म्हणजे तिला घरी बसवणार. घरी बसून काय करू, अक्का?

मग मी तिला सांभाळलं. दोन वर्षं. तिचा पीस झाला की तपासणीला जायच्या आधी मी त्यावरून हात फिरवायची आणि तिने सोडलेलं भरून टाकायची. चारला सुटल्यावर गेटसमोरचा रस्ता ओलांडायचा. मोठ्या लॉऱ्यांचा रस्ता, सिग्नल नाही, झेब्रा नाही. मी दोन बोटं तिच्या कोपराला लावायची. बोटं दाबली की थांब. उचलली की चल. वर तोंडानेही सांगायची, "ये, मोकळाय."

दोन हजार तीनच्या ऑक्टोबरात साहेबाने सांगितलं की आम्हा चौघींतली एक मेंडर कमी करणार. तीन आठवडे प्रत्येकीच्या कापडात राहिलेल्या चुका मोजणार.

मी तिचं काही बिघडवलं नाही. हे मी देवासमोर सांगेन. मी फक्त तिच्या कापडावरून हात उचलला. तीन आठवडे.

एका पीसमध्ये तिच्या एकोणीस चुका निघाल्या.

शेवटच्या दिवशी चार वाजता ती मिलच्या गेटसमोर लॉरीखाली गेली. पोलिसांनी लिहिलं, ड्रायव्हरचा दोष नाही, बाईंना दिसलं नाही. मी त्या वेळी कुठे होते हे कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. मोहन भावजी तेरावं करून इचलकरंजीला निघून गेले. माझा नवरा त्याच्या चार वर्षं आधीच गेला होता, छातीत लोकर भरून. राहिली ईशिता. तिला माहीत आहे ते एवढंच, की काकूचं नशीब वाईट.

तिला तेवढंच माहीत राहावं यासाठी मी काहीही केलं असतं. माझं म्हणून या देशात तेवढं एकच माणूस आहे.

३

ओलं टोक एकदा सापडलं तर माणूस डोकं चालवतो. मीही चालवलं. छतातून पाण्याचा थेंब पडला असेल. विणकराने मागावरच दुरुस्त केलं असेल. पण तेलकट लोकर पाणी धरत नाही, थेंब घरंगळून जातो. आणि विणकरांना मेंडिंग येत असतं तर आम्हाला कशाला ठेवलं असतं?

गुरुवारी दोन सापडली. पुढच्या आठवड्यात रोज. मिसेस बूथ एकदा माझ्या टेबलाशी आली, खांद्यावर थोपटून म्हणाली, "यमुना, चार आठवडे झाले. तुझ्या कापडात एकही चूक नाही. तू तरुण होते आहेस." तिला वाटलं मी खूश होईन.

तेव्हा माझ्या उजवीकडे नसीम बसायची, मीरपूरची, माझ्याच वयाची, तोंडाळ, तरी मला बाजी, म्हणजे ताई, म्हणायची. तिला मी टोक दाखवलं. तिने बोट लावलं आणि बोट कमिजाला पुसलं.

"थूक है," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"तो थूकती क्यों हो, बाजी?"

"मी नाही थुंकले!"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग हळूच म्हणाली, "आजकल बहुत थक जाती हो तुम."

मला राग आला. मी म्हटलं, थांब, तुला दाखवते. नवा पीस आला. दोरी दोघींनी मिळून सोडली. पहिल्या वीस यार्डांत मी पाच तुटके धागे शोधले, पाचांवर खडूने खूण केली, एकालाही सुई लावली नाही. नसीमने स्वतः मोजले. पाच. मग आम्ही दोघी चहाला गेलो, तिसरी अर्चनाबेन गुजरातीण होती तिलाही घेऊन गेलो, आणि नसीमने खोलीच्या दाराला बाहेरून कडी घातली. पंधरा मिनिटं.

परत आलो. खडूच्या पाच खुणा, खाली पाच टोकं, ओली.

नसीम टेबलावर वाकली. ती कापडावरून हात फिरवत राहिली. मग ती मोजायला लागली. मोठ्याने. सहा. सात. आठ. जिथे मी खूण केली नव्हती, जिथे मला काही दिसलं नव्हतं, तिथे पण टोकं होती. अकरावर ती थांबली.

"बाजी," ती म्हणाली, "ये छह तुमने छोड़ दिए थे."

सुनीतीची भीती मला तोवर वाटली नव्हती. चीड आली होती, लाज वाटली होती. भीती वाटली ती त्या सहांची. मला न दिसलेल्या सहा जागांची.

नसीमने दुसऱ्या दिवशी टेबल बदलून घेतलं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली. जाताना सलाम केला, तो मला नाही, माझ्या डावीकडच्या टेबलाला.

४

डोळे दाखवायला मी लीड्सला गेले, गावात नको म्हणून. तिथे पुण्याचा एक डॉक्टर होता, सुश्रुत, कार्डिफला शिकलेला, पोरगाच. मराठी ऐकून त्याला कोण आनंद. तुमचं गाव कुठलं, इथे किती वर्षं, चितळ्यांची बाकरवडी मिळते का तिकडे. मी म्हटलं, डॉक्टर, डोळे बघा.

त्याने बघितले. मग आवाज मऊ केला. मऊ आवाजाच्या डॉक्टरचा मला भरवसा वाटत नाही.

"काकू, मधली नजर जातेय तुमची. समोर सरळ बघितलं की डाग दिसतो ना, राखाडी?"

"दिसतो."

"तो मोठा होत जाणार. कडेचं दिसत राहील. पण समोर येणारी गाडी, माणसाचा चेहरा, हे अवघड होणार. एकट्याने रस्ता ओलांडू नका. घरी कोण आहे? त्यांना सांगायलाच हवं."

"सांगते," मी म्हटलं.

"अजून एक विचारतो, घाबरू नका हं. कधी नसलेली माणसं दिसतात का?"

मी कोटाचं बटण चाचपलं.

"होतं असं. डोळा बघत नाही, तर मेंदू रिकामी जागा आपल्या मनाने भरून काढतो. वेड नाही ते."

"रिकामी जागा भरतो."

"हो."

"डॉक्टर, आणि ती नसलेली माणसं धागा ओला करतात का?"

"काय म्हणालात?"

"काही नाही. बाकरवडी मिळत नाही तिकडे."

बसमध्ये मी त्याच्या बोलण्याचा पुष्कळ विचार केला. मला शहाणपणाचं वाटलं ते. डोळे दगा देतात हे मी मानायला तयार होते. पण बोटं? इतक्या वर्षांत या बोटांनी मला फसवलं नव्हतं. आणि नसीमच्या बोटांना काय झालं होतं?

मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बूथने घरी बसवलं असतं. ईशिताला सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, काकूचंही असंच होतं का गं? आणि तू तर तिच्या शेजारी बसायचीस.

५

रस्त्याचं त्याच सुमाराला सुरू झालं.

चार वाजता मिलच्या गेटबाहेर मी एकटीच उभी होते. फेब्रुवारीचा उजेड. समोर माझं घर असायला हवं तिथे राखाडी डाग. मान वाकडी करून मी डोळ्याच्या कडेने रस्ता बघत होते, कोंबडी बघते तशी. रिकामा वाटला. मी पाऊल उचललं आणि कोपराला दोन बोटं लागली.

दाबली.

मी थांबले. लॉरी माझ्या पदरावरून गेल्यासारखी गेली. कोटाची बटणं थरथरली. मग बोटं उचलली गेली, आणि मी पलीकडे गेले. घरात जाऊन कोट न काढता जिन्यावर बसून राहिले. घर मिटल्यासारखं गप्प होतं. वरच्या खोलीत मोहन भावजींनी जाताना रिकामा पलंग तसाच ठेवला होता. त्याची स्प्रिंग एकदाच वाजली, कुणी बसलं की वाजते तशी.

मी वर जाऊन बघितलं नाही. काय बघणार? मला सरळ बघितलेलं दिसतच नाही.

माणूस कशालाही सरावतो. मी सरावले. दिवसभर ती माझ्या हातून सुटलेलं भरायची, चारला मला रस्ता ओलांडून द्यायची. मी तिचं केलं होतं ते सगळं ती माझं करत होती, तसंच, त्याच क्रमाने. लोक म्हणतील, किती प्रेमाची जाऊ. मला ते प्रेम वाटायचं नाही. कारण त्याच क्रमात पुढे काय आहे ते मला माहीत होतं. मीच ते केलं होतं. एक दिवस, काही न बोलता, हात उचलायचा.

रोज सकाळी मी पहिलं ओलं टोक सापडेपर्यंत श्वास धरून बसायची. सापडलं की, आज नाही. आजचा दिवस निभावला.

दोन हजार पाचच्या जूनमध्ये मिल बंद झाली. केक आणला होता. साहेबाने भाषण केलं, तुम्ही आमचं कुटुंब आहात म्हणाला, आणि घड्याळ बघितलं. टेबलं अंगणात काढून फोडली. गेटला साखळी लागली. आता तिथे फ्लॅट होणार आहेत, उत्तरेच्या खिडक्यांचे, महाग. मला वाटलं, चला, सुटले. कापडच नाही तर टोक कुठून येईल?

६

ईशिताला मार्चमध्ये मुलगा झाला होता. वीर. ऑक्टोबरात तिला कामावर परत जायचं होतं.

"आई, माझा लीव्ह संपतोय. नर्सरीमध्ये नको टाकायचाय मला त्याला. तू सांभाळशील ना?"

मी ओट्याशी पाठ करून उभी होते. "तुझ्या सासूला विचार, अनिशच्या आईला."

"ते ग्लासगोला असतात, मम. आणि मला तूच पाहिजे." मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "काकू असता तर तिने पण केला असता. तुम्ही दोघींनी मला वाढवला ना."

मराठी तिचं असं. लिंगबिंग सगळं खिचडी. पण शब्द लागायचे तिथे लागतात.

त्या वेळी सांगायला हवं होतं. माझे डोळे गेलेत, पोरी, माझ्या हातात बाळ देऊ नकोस. एवढं एक वाक्य. पण त्या वाक्याचा धागा ओढला की पुढचं सगळं उसवत येणार होतं. मी म्हटलं, "आण त्याला. तू मोठी झालीसच की."

ती वीरबरोबर त्याचं दुपटं आणायची. ते सुनीतीने करायला घेतलं होतं, ईशिताच्या लग्नानंतर लगेच, मूल कधी होणार याचा पत्ता नसताना. मिलमधल्या कापडाचे तुकडे जोडून. चार कोपऱ्यांतला एक कोपरा शिवायचा राहिला होता, तसाच लोंबत होता. ईशिता म्हणायची, असाच ठेवायचाय मला.

दुसऱ्या सोमवारी तो कोपरा शिवलेला होता.

"छान केलास, आई," ईशिता दारातून म्हणाली. "पण मला सांगायचा तरी."

"मी नाही केलं. तूच केलं असशील."

"मी? मला बटण लावता येत नाही!" ती हसत गाडीत बसली.

मी कोपरा उलटवला. टोक होतं, ओलं होतं. लाळ असेल, मी म्हटलं. सात महिन्यांचं पोर, सगळं तोंडात घालतं. पण वीरला तेव्हा दात नव्हते. टोक चपटं होतं.

त्यानंतर मी रोज सकाळी तो कोपरा चाचपायला लागले. ओला लागला की बाबागाडी बाहेर काढायची. रस्ता ओलांडून मिलच्या बाजूने कालव्याकाठी फिरवून आणायचं, परत गेटसमोर यायचं, कोपराला दोन बोटं, दाबली, थांबले, उचलली, गेले. समोर काय आहे ते मला दिसत नव्हतं. माझ्या मुलीचा मुलगा मी एका मेलेल्या बाईच्या बोटांवर रस्त्यापलीकडे नेत होते, रोज. हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते.

७

नोव्हेंबरातला बुधवार. वीर सकाळपासून किरकिरत होता. त्याला बाहेर नेल्याशिवाय झोप येईना. गडबडीत मी कोपरा चाचपलाच नाही. ईशिता दुपारी कामावरून मध्येच येऊन गेली, जाताना तिनेच आम्हाला गाडीतून पलीकडे सोडलं, म्हणून रस्त्याचाही प्रश्न आला नाही.

परत येताना गेटसमोर थांबले. साखळी वाऱ्याने वाजत होती. वीर झोपलेला. तेव्हा आठवण झाली. मी वाकले, दुपट्याचा कोपरा बोटांत घेतला.

कोरडा होता.

पुन्हा चाचपला. दोन्ही बाजूंनी. टोक बोटाला टोचलं.

मी उभी राहिले. कोपराला काही लागलं नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. गाड्यांचे आवाज यायचे, पण खोऱ्यात आवाज दोन्ही बाजूंनी येतो, कुठून कुठे जातोय कळत नाही. समोर राखाडी डाग, आता अख्ख्या रस्त्याएवढा. मी म्हटलं, सुनीती, अगं पोर आहे गाडीत. तुझ्या ईशिताचं. माझ्यावर राग काढ, माझी ना नाही.

काही नाही.

मग पलीकडून आवाज आला, आमच्या दाराकडून.

"ये, मोकळाय."

मराठीत. स्वच्छ. माझ्या हातांनी गाडी पुढे ढकलली, मी नाही. पुढची चाकं फुटपाथवरून खाली उतरली. आणि मला तो आवाज ओळखू आला.

तो सुनीतीचा नव्हता. माझा होता.

मी मान वाकडी केली आणि डोळ्याच्या कडेने बघितलं. पलीकडच्या फुटपाथवर एक बाई उभी होती. तपकिरी कोट, डाव्या हातात निळी पिशवी. दोन हजार तीनमध्ये तो कोट माझा होता. ती रस्त्याकडे बघत नव्हती. आमच्या दाराकडे तोंड, रस्त्याकडे पाठ. पाठीवरूनच कळत होतं की ती चिडलेली आहे.

ती का चिडलेली आहे ते मला माहीत होतं. त्या दिवशी गेटमधून बाहेर पडताना सुनीती म्हणाली होती, "अक्का, तीन आठवडे तुझा हात लागला नाही गं माझ्या कापडाला." हळू म्हणाली. तक्रार नव्हती. दोन वर्षं तिला सगळं कळत होतं, आणि आताचंही कळलं होतं. मला ते सोसलं नाही. मी तिला तिथेच सोडून ताडताड रस्ता ओलांडला आणि पाठ करून उभी राहिले. मागून तिने हाक मारली, "अक्का, मोकळाय का गं?"

मी वळून बघितलं नाही. न बघता म्हटलं, "ये, मोकळाय."

मी गाडी मागे खेचली. चाकं वर चढेनात, मी खाली बसून दोन्ही हातांनी खेचली. समोरून काहीतरी मोठं गेलं. वारा तोंडावर आला. वीर रडायला लागला, आणि त्या रडण्याने मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं.

मिलच्या पायरीवर बसून मी ईशिताला फोन लावला. ये म्हटलं, आत्ता ये. मला दिसत नाही. वर्षापेक्षा जास्त झालं. ती ओरडायच्या आत मी पुढचं सांगितलं. काकूलाही दिसत नव्हतं. मला माहीत होतं. मी हात उचलला. आणि मग ते दोन शब्द सांगितले, जसे बोलले होते तसे.

 मग फोन बंद झाला.

ती वीस मिनिटांत आली. वीरला उचललं, गाडी दुमडली, मागे टाकली. माझ्याकडे बघितलं की नाही ते मला कसं कळणार, चेहऱ्याच्या जागी डाग. मी म्हटलं, "दुपटं घे, त्याला थंडी वाजेल." तिने ते माझ्या मांडीवर टाकलं.

"ते तिचं आहे," ती म्हणाली. "तुला ठेव."

"ईशू."

"तू वीरला या रस्त्यावर आणायचीस. याच रस्त्यावर, आई."

दार आपटलं. गाडी गेली. मला पलीकडे सोडावं हे तिच्या मनात आलं नाही, किंवा आलं असेल.

चार वाजले असावेत, उजेड तसाच होता. मी पायरीवरून उठले, दुपटं काखेला मारलं आणि फुटपाथच्या काठाशी आले. माझं घर समोर आहे, पंधरा पावलांवर. वरती चौकात सिग्नल आहे म्हणतात, अर्ध्या मैलावर. तिथपर्यंत जायलाही दोन रस्ते ओलांडावे लागतात.

कोपराला दोन बोटं लागली. थंड नव्हती. दाबली. मी थांबले. किती वेळ ती तशीच दाबून होती. मी माफी वगैरे मागितली नाही, ती मागायची वेळ कधीच गेली. नुसती उभी राहिले, पोरीसारखी, तिच्या भरवशावर.

मग बोटं उचलली गेली.

दोन वर्षं ती रस्ता मोकळा असल्याची खूण होती. आणि शेवटचे तीन आठवडे मीही तिच्या कापडावरून हात अगदी असाच उचलला होता, हलकेच, तिला कळू न देता.

मी डोळ्याच्या कडेने पलीकडे बघितलं. तपकिरी कोट अजून तिथेच होता, पाठ करून.

"मोकळाय का गं?" मी विचारलं.

तिने वळून बघितलं नाही.

"ये की," ती माझ्या आवाजात म्हणाली, कंटाळून. "मोकळाय."